शेळीला सेलेनियम: एका सरसकट सल्ल्याची तपासणी

करडू जन्मल्यावर पाय रोवून उभे राहिले नाही की सेलेनियम. शेळीची वार अडकली की सेलेनियम. शेळी माजावर येत नाही, भरवली तरी उलटते, केस राठ दिसतात, बोकड सुस्तावला आहे, तरीही सेलेनियमच. बंदिस्त शेळीपालनाच्या प्रशिक्षणवर्गांपासून औषधाच्या दुकानापर्यंत हा सल्ला आता इतका रुळला आहे, की गोठ्यातल्या फळीवर जंतनाशक आणि लिव्हर टॉनिकच्या शेजारी ‘ई-सेलेनियम’ची बाटली नसेल तर पालकाला आपलेच काही चुकते आहे असे वाटू लागते. गाभण शेळीला शेवटच्या महिन्यात एक इंजेक्शन, करडाला जन्मल्याबरोबर एक, बोकडाला हंगामाआधी एक, असे वेळापत्रकही पाठ झाले आहे.

माझा विरोध या वेळापत्रकाला आहे, सेलेनियमला नाही. सेलेनियम शेळीला लागतेच, आणि ते खरोखर कमी पडले तर करडे मरतात. याबद्दल कोणीही जाणकार वाद घालणार नाही. वाद आहे तो सर्वांना, सर्वत्र आणि न तपासता देण्याशी.

आधी पूर्वपक्ष पुऱ्या ताकदीनिशी मांडू, कारण तो लेचापेचा नाही. १९५७ साली क्लाउस श्वार्त्झ यांनी दाखवून दिले की उंदरांचे यकृत सडण्यापासून वाचवणाऱ्या एका अज्ञात घटकाचे मर्म सेलेनियम आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात म्यूथ, ओल्डफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांवर प्रयोग केला. तिथे कोकरांच्या मांड्यांचे आणि हृदयाचे स्नायू पांढुरके पडत, कोकरे ताठरत आणि दगावत. मेंढ्यांच्या खाद्यात अगदी अल्प सेलेनियम घातल्यावर हा पांढऱ्या स्नायूंचा आजार टळला. १९७३ मध्ये त्यामागचे कारणही उलगडले. पेशींमध्ये तयार होणारी घातक पेरॉक्साइडे नष्ट करणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराचा सेलेनियम हा घटकच आहे. तो नसेल तर सतत राबणारे स्नायू आधी झिजतात. न्यूझीलंडमध्ये लक्षावधी मेंढ्यांना सेलेनियम द्यावे लागले. फिनलंडने तर १९८४ साली देशभरच्या रासायनिक खतांतच सेलेनियम मिसळण्याचा निर्णय घेतला. शिवाय रवंथ करणाऱ्या जनावरांत सेलेनियमचे शोषण कमी होते, कारण कोठीपोटातले जंतू त्याचा बराच भाग न विरघळणाऱ्या रूपात बदलून टाकतात. मेंढीत खाल्लेल्यापैकी सुमारे एकतृतीयांश अंगी लागते, डुकरात त्याच्या दुपटीहून जास्त. आणि कमतरता सौम्य असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही. आतल्या आत प्रतिकारशक्ती आणि प्रजननक्षमता खालावते. तेव्हा, पूर्वपक्ष म्हणतो, चाचणी महाग आणि दूर, इंजेक्शन स्वस्त आणि जवळ. दिले तर फायदा, नाही झाला तर तोटा काय?

यातले शेवटचे वाक्य सोडून बाकी सगळे खरे आहे. गोम अशी की या खऱ्या गोष्टींतून जो निष्कर्ष काढला जातो, तो त्यांतून निघतच नाही.

भूगोलापासून सुरुवात करू. सेलेनियमची गंमत ही की शास्त्राला त्याची ओळख आधी विष म्हणून झाली, पोषक म्हणून नंतर. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या दक्षिण डकोटा राज्यात गुरांचे खूर गळत, शेपटीचे केस झडत, जनावरे लंगडत. तिथल्या शेतातले धान्य उंदरांना चारले तर उंदीरही खंगत. शोध घेतल्यावर दोषी निघाले ते जमिनीतून धान्यात आलेले सेलेनियम. त्याच देशाच्या वायव्य कोपऱ्यात, ईशान्येत, महासरोवरांच्या परिसरात आणि फ्लोरिडात मात्र उलटी स्थिती: जमिनीत सेलेनियम इतके कमी की करडे-कोकरे स्नायूंच्या आजाराने जात. म्हणजे एकाच देशात एका गोठ्याला जे औषध, ते दुसऱ्या गोठ्यात आगीत तेल. हे ठाऊक असल्यामुळेच तिथे पशुखाद्यात सेलेनियम मिसळण्याची परवानगी फार सावकाश मिळाली. १९७४ मध्ये फक्त डुकरे आणि कोंबड्यांसाठी, १९७९ मध्ये रवंथ करणाऱ्यांसाठी, आणि १९८७ मध्ये मर्यादा वाढली तीही दहा लाख भागांत ०.३ भागांपर्यंतच. मेंढीला पूरक म्हणून दिवसाला ०.७ मिलिग्रॅमपेक्षा जास्त देता येत नाही. ज्या देशातून हा सल्ला आपल्याकडे आला, त्याने त्याच्याभोवती एवढी कुंपणे घातली होती. आपण सल्ला तेवढा घेतला, कुंपणे तिथेच राहिली.

भारतातही सेलेनियमचे चित्र एकसारखे नाही, आणि त्याचा सर्वांत ठळक पुरावा कमतरतेचा नसून अतिरेकाचा आहे. पंजाबच्या नवांशहर आणि होशियारपूर जिल्ह्यांत शिवालिकच्या पायथ्याशी वाहून आलेल्या गाळाच्या जमिनींत, हजारभर हेक्टरांवर, सेलेनियम इतके आहे की तिथला गहू, चारा आणि भाताचा पेंढा खाऊन जनावरांचे खूर सुटतात, शिंगे तडकतात, केस जातात. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या ढिल्लन दांपत्याने ही जमीन वर्षानुवर्षे अभ्यासली. (एक अवांतर: म्हशींच्या शेपट्या आणि पाय सडवणारा ‘देगनाला’ नावाचा रोगही पूर्वी सेलेनियमच्याच माथी मारला गेला होता. पुढे तो पेंढ्यावरच्या बुरशीच्या विषामुळे होतो असे दिसून आले. सेलेनियमवर खापर फोडण्याची सवय दोन्ही बाजूंनी जुनी आहे.)

महाराष्ट्राच्या जमिनीकडे वळलो की ‘आपल्या मातीत सेलेनियम नाहीच’ हे ठोक विधान डळमळू लागते. मातीत एकूण सेलेनियम किती, यापेक्षा ते झाडाच्या मुळाला किती मिळते हे महत्त्वाचे असते. हवा खेळती असलेल्या, चुनखडीच्या, विम्लधर्मी जमिनीत सेलेनियम सेलेनेट या रूपात राहते; ते पाण्यात विरघळते आणि पीक ते सहज उचलते. आम्ल जमिनीत, विशेषतः लोहाच्या ऑक्साइडांनी लालबुंद झालेल्या जमिनीत, ते सेलेनाइट होऊन लोहाच्या कणांना घट्ट चिकटते आणि मुळाच्या हाती लागत नाही. दख्खनच्या पठारावरची काळी जमीन चुनखडीची, सामू साधारण साडेसात ते साडेआठ. कोकणातली जांभा खडकाची जमीन आम्ल, लोहयुक्त, वर धो-धो पावसाने धुतलेली. बेसॉल्ट खडकात मुळात सेलेनियम थोडे हे मान्य केले, तरी जे आहे ते पठारावर झाडाला मिळण्याची शक्यता कोकणापेक्षा बरीच अधिक आहे. सेलेनियमच्या खऱ्या कमतरतेचा शोध घ्यायला मला सांगितले, तर मी आधी सिंधुदुर्ग-रत्नागिरीत भाताच्या पेंढ्यावर वाढलेल्या शेळ्यांचे रक्त तपासीन. बंदिस्त शेळीपालनाची लाट मात्र पठारावर आहे, आणि सुयाही तिथेच टोचल्या जात आहेत.

शिवाय बंदिस्त शेळी आता एका गावच्या मातीवर जगतच नाही. तिच्या गव्हाणीत सरकीची पेंड येते ती कुठल्या तरी कापूसपट्ट्यातून, सोयाबीनची माळव्यातून, गव्हाचा कोंडा गिरणीतून. त्या गिरणीत दळलेला गहू पंजाब-हरियाणाचाही असू शकतो. सेलेनियम वनस्पतीत मुख्यतः प्रथिनांशी बांधलेले असते, म्हणून पेंडी आणि कोंडा यांतून ते येत राहते. उलट चरायला सोडलेली शेळी बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, बांधावरचे तण असे दिवसभर निवडून खाते. न्यूझीलंडमध्ये एकाच सेलेनियमहीन कुरणावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मेंढीची गोष्ट या दोघींपैकी कोणालाही जशीच्या तशी लागू होत नाही.

सेलेनियम अन्नातून किती दूरवर जाऊ शकते, याचा धडा विदर्भाने अलीकडेच घेतला. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या आणि आसपासच्या गावांत बायका, पुरुष, मुले यांचे केस हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागले. विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, लघवी आणि केस तपासले, तर सेलेनियम नेहमीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळले. त्यांनी बोट दाखवले ते रेशनवर आलेल्या बाहेरच्या गव्हाकडे. पुढे काही जणांची नखेही गळली. ज्या राज्यात माणसांचे केस सेलेनियमच्या अतिरेकाने गेल्याचा संशय सबळ आहे, त्याच राज्यात शेळीचे केस राठ दिसले म्हणून सेलेनियम टोचले जावे, यातला विरोधाभास वाचकाच्या लक्षात आला असेलच. केस झडणे हे सेलेनियम जास्त झाल्याचे ठळक लक्षण आहे.

आता ‘तोटा काय?’ या प्रश्नाकडे येतो. माझ्या मते या वादाचा निकाल इथेच लागतो, म्हणून थोडे सविस्तर बोलतो.

बहुतेक पोषकांमध्ये गरज आणि विषबाधा यांच्यात मोठे अंतर असते. सेलेनियममध्ये ते लहान आहे, आणि इंजेक्शनने दिले तर आणखी लहान. खाद्यातून दिले तर कोठीपोट बराच भाग वाया घालवते. तोच भाग शेळीला वाचवतोही. सुई ही वाट टाळून थेट रक्ताकडे जाते. म्हणजे ‘शेळीत शोषण कमी होते’ हा पूर्वपक्षाचा युक्तिवाद इंजेक्शनच्या बाजूने वापरायचा, तर तो सुरक्षिततेच्या विरुद्धही वापरावा लागेल. आणि खाद्यातल्या गरजेचे जे आकडे पुस्तकांत आहेत, कोरड्या खाद्याच्या दहा लाख भागांत ०.१ ते ०.३ भाग, ते हे कमी शोषण गृहीत धरूनच ठरवलेले आहेत. तोच मुद्दा पुन्हा पुढे करून मात्रा वाढवणे म्हणजे एकच वजाबाकी दोनदा करणे.

आकडेच मांडू. उपचारासाठी सर्वसाधारण मात्रा धरतात ती दर किलो वजनाला सुमारे ०.०५५ मिलिग्रॅम सेलेनियम. कोकरांवरच्या प्रयोगांत सोडियम सेलेनाइट टोचल्यावर दर किलोला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास मृत्यू होऊ लागतात. म्हणजे औषध आणि मरण यांत आठ-दहा पटींचे अंतर. ऐकायला पुरेसे वाटते. आता दोन किलोचे, नुकतेच जन्मलेले उस्मानाबादी करडू घ्या. त्याची उपचारमात्रा होते ०.११ मिलिग्रॅम. बाटलीत एका मिलिलिटरला दीड मिलिग्रॅम सेलेनियम असेल, तर ही मात्रा एका मिलिलिटरचा चौदावा भाग भरते. नेहमीच्या पाच सीसीच्या सिरिंजमध्ये एवढे औषध मोजताच येत नाही. गोठ्यात सहज म्हटले जाते, ‘एक सीसी दे.’ तो एक सीसी म्हणजे दर किलोला पाऊण मिलिग्रॅम. मारक ठरू शकणाऱ्या मात्रेच्याही वर. करडू अशक्त होते, इंजेक्शन दिले, रात्री धापा टाकत गेले, आणि सकाळी गोठ्यात बोलले जाते की बिचारे आधीच खचले होते, सेलेनियम द्यायला उशीर झाला. अतिमात्रेत फुप्फुसांत पाणी भरते, हृदयाचा स्नायू झिजतो, श्वासाला लसणासारखा वास येऊ शकतो. यातला हृदयाचा बिघाड कमतरतेतही होतो, म्हणून चूक आपोआप झाकली जाते.

बाटल्याही सारख्या नसतात. अमेरिकेत एकाच कंपनीची दोन उत्पादने आहेत. ‘बो-एसई’मध्ये एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम सेलेनियम, ‘म्यु-एसई’मध्ये पाच. नावात एका अक्षराचा फरक, ताकदीत पाच पटींचा. ‘बो-एसई’च्या वेष्टनावर स्पष्ट छापलेले आहे की हे औषध गाभण मेंढ्यांना देऊ नये, त्यातून मृत्यू आणि गर्भपात झाल्याची नोंद आहे. शेळीसाठी तर त्याला तिथे मान्यताच नाही. पशुवैद्य आपल्या जबाबदारीवर, कळप आणि परिसर ओळखून ते वापरतात. कमतरतेच्या प्रदेशातला पशुवैद्य गाभण शेळीला विचारपूर्वक मात्रा देतो, ते त्याच्या जागी योग्यही असेल. पण आपल्या वेळापत्रकात ‘गाभण शेळीला शेवटच्या महिन्यात एक’ हा नियम डोळे मिटून बसला आहे, आणि त्यात मात्रेचा उल्लेखही नसतो.

जाणकारांच्या हातूनही हे घडते. एप्रिल २००९ मध्ये फ्लोरिडात एका व्हेनेझुएलन पोलो संघाचे २१ घोडे स्पर्धेच्या तोंडावर काही तासांत कोसळून मेले. थकवा जावा म्हणून त्यांना जीवनसत्त्वे आणि खनिजे यांचे मिश्रण टोचले होते. औषध बनवताना सेलेनियमचे प्रमाण चुकले होते. लक्षावधी डॉलरचे घोडे, दिमतीला डॉक्टर, बनवणारे औषधालय व्यावसायिक, आणि तरीही चुकलेल्या एका प्रमाणाने संघ संपला.

आपल्या गोठ्यात आणखी एक प्रकार होतो, तो म्हणजे बेरीज. खनिज मिश्रणात सेलेनियम, चाटण विटेत सेलेनियम, गोळी पेंडीत सेलेनियम, पाण्यातून द्यायच्या टॉनिकमध्ये सेलेनियम, आणि वर सुई. प्रत्येकाचे माप वेगळ्या भाषेत छापलेले: कुठे टक्के, कुठे मिलिग्रॅम, कुठे दहा लाखांत भाग. तीस किलोची शेळी दिवसाला साधारण किलोभर कोरडे खाद्य खाते; तिची रोजची गरज ०.१ ते ०.३ मिलिग्रॅमच्या घरात. ही बेरीज करून पाहणारा पालक मला क्वचितच भेटतो, आणि बेरीज करून दाखवणारा विक्रेता तर नाहीच.

‘पण फरक पडतो ना!’ हा पूर्वपक्षाचा सर्वांत लोकप्रिय पुरावा आहे. वाकड्या पायांचे करडू सुई दिल्यावर चौथ्या दिवशी सरळ उभे राहिले. जुळ्या-तिळ्यांत पोटात दाटीने वाढलेल्या करडांचे सांधे जन्मताना ढिले किंवा आवळलेले असतात, आणि त्यातली बरीचशी दूध पिऊन, चालून, काही दिवसांत आपोआप सावरतात. सुई दिली नसती तरी चौथा दिवस आलाच असता. शिवाय त्या दिवशी करडाला ऊब दिलेली असते, बाटलीने दूध पाजलेले असते, बी-कॉम्प्लेक्स दिलेले असते, कधी प्रतिजैविकही. बाटलीत सेलेनियमबरोबर जीवनसत्त्व ईदेखील असते. श्रेय मात्र एकट्या सेलेनियमला.

न्यूझीलंडने हे कसे ठरवले ते पाहण्यासारखे आहे. १९६० च्या आसपास हार्टली आणि ग्रँट यांनी तिथल्या जनावरांच्या ‘सेलेनियमला प्रतिसाद देणाऱ्या’ रोगांचा आढावा घेतला. रोगाच्या नावातच अट होती: सेलेनियम दिल्यावर सुधारणा होते हे सिद्ध झाले पाहिजे. ते सिद्ध करण्याची रीत अशी, की एकाच कळपातल्या निम्म्या मेंढ्यांना सेलेनियम द्यायचे, निम्म्यांना नाही, बाकी सगळे सारखे ठेवायचे आणि कोकरे मोजायची. काही कळपांत जमीन-आसमानाचा फरक पडला; जिथे सेलेनियम पुरेसे होते तिथे पडला नाही. आपल्याकडे हे करायला प्रयोगशाळा लागत नाही. कानात बिल्ले असलेल्या चाळीस शेळ्या आणि एक वही पुरते. ज्याला आपल्या कळपात फायदा होतो याची खात्री आहे, त्याने एका हंगामात पशुवैद्याच्या देखरेखीखाली हा हिशोब मांडून दाखवावा. मी तो आनंदाने मान्य करीन. सौम्य, न दिसणाऱ्या कमतरतेचा युक्तिवादही याच कसोटीला उभा करावा लागतो. न दिसणारी गोष्ट आहे असे म्हणून प्रत्येक गोठ्यात ती गृहीत धरायची ठरवली, तर तो दावा खोटा ठरवण्याची सोयच उरत नाही.

सेलेनियमचे नाव आले की मूळ कारणाचा शोध थांबतो, हा या सल्ल्याचा सर्वांत महाग परिणाम. करडू मागच्या पायांनी झुलते, बसते, उठता येत नाही: हे तांब्याच्या कमतरतेनेही होते, आणि तिथे बिघाड स्नायूत नसून मज्जारज्जूत असतो, सेलेनियमने काडीचाही फरक पडत नाही. भारतातल्या चारा-सर्वेक्षणांत वारंवार पुढे येणाऱ्या उणिवा फॉस्फरस, जस्त आणि तांबे यांच्या आहेत, हे या संदर्भात लक्षात ठेवावे. एका दिवसाचे करडू गार पडले, मान टाकली, तर बहुधा ते उपाशी आणि थंड असते. नाळ चिघळून सांधे सुजले तर तो जंतुसंसर्ग. गर्भपात आणि अडकलेली वार यांची साखळी लागली, तर आधी ब्रुसेलोसिसची तपासणी हवी. तो रोग माणसालाही होतो, आणि सेलेनियम टोचत बसलेला पालक उघड्या हाताने वार ओढत असतो. शेळी उलटते तर बोकड तपासा, आणि शेळीचे वजन. अर्धपोटी शेळी माजावर येत नाही, यात गूढ काही नाही.

जीवनसत्त्व ईबद्दल मात्र थोडे थांबायला हवे, कारण माझ्या मते पठारावरच्या बंदिस्त गोठ्यांत खरी उणीव असलीच तर बहुधा याची असते. सेलेनियम आणि जीवनसत्त्व ई एकमेकांना आधार देतात; एक कमी पडले तर दुसऱ्यावर भार वाढतो. ई हिरव्या पाल्यात भरपूर असते, आणि चारा वाळवताना व साठवताना झपाट्याने घटते. मार्च ते जूनपर्यंत जुना कडबा आणि पेंडीवर काढलेली शेळी त्याला मुकते. सेलेनियम वारेतून गर्भाकडे बऱ्यापैकी पोचते. जीवनसत्त्व ई फारसे पोचत नाही, ते करडाला मिळते मुख्यतः चिकातून. म्हणजे पहिल्या काही तासांत पोटभर चीक न मिळालेले करडू या बाबतीत रिकाम्या हाताने जगात येते. उपाय बाटलीत शोधायची गरज नाही. बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ, पाण्याची सोय असेल तिथे लसूण घास, गाभण शेळीला रोज थोडा तरी हिरवा पाला, आणि करडाला वेळेवर चीक. सुबाभळीचा पाला मात्र बेताने, ती एकटी पोटभर देऊ नये. या सल्ल्याला चकचकीत वेष्टन नाही, म्हणून तो कुणी विकत नाही.

मग सेलेनियम द्यायचेच नाही का? द्यायचे, पण पुरावा असेल तर. दोन-चार आठवड्यांची, आतापर्यंत धष्टपुष्ट असलेली करडे अचानक ताठरून चालू लागली, धावल्यावर कोसळली, आणि शवविच्छेदनात मांड्यांच्या किंवा हृदयाच्या स्नायूंत खडूसारखे पांढरे पट्टे, दोन्ही बाजूंना सारखे, दिसले, तर संशय पक्का होत जातो. अशा वेळी मेलेले करडू पुरू नका. पशुवैद्याकडे न्या, यकृताचा तुकडा तपासणीला पाठवायला सांगा. जिवंतांपैकी सहा-आठ शेळ्यांचे रक्त घ्यावे, एकीचे नव्हे. पूर्ण रक्तात दहा लाख भागांत साधारण ०.०५ भागांपेक्षा कमी सेलेनियम असेल तर कमतरता, ०.१ च्या वर असेल तर पुरेसे, मधले काठावरचे. लाल पेशींतल्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज विकराची चाचणीही उपयोगी, फक्त ती मागच्या तीन-चार महिन्यांचा हिशोब सांगते, आजचा नव्हे. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यक महाविद्यालये परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे आहेत, आणि पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. नमुना कुठे आणि कसा पाठवायचा हे तालुक्याच्या पशुवैद्याला विचारता येते. चाळीस शेळ्यांच्या गोठ्याला वर्षभर बाटल्या घेण्यात जे जाते, त्याच्या तुलनेत एकदा नमुने तपासणे डोईजड नाही.

कमतरता ठरली तर सेलेनियम शक्यतो खाद्यातून, एकाच स्रोतातून, मोजून द्यावे; सुई आजारी करडापुरती, वजन करून, पशुवैद्याच्या हाताने, आणि लहान मापाच्या सिरिंजने. त्या काळात टॉनिक, वीट, गोळी पेंड यांतले सेलेनियम वाचून त्यातले जे जास्तीचे असेल ते काढून टाकावे. तीन-चार महिन्यांनी पुन्हा रक्त पाहावे. कोकणातल्या कुणी असे नमुने तपासून कमतरता दाखवली, तर तिथे खनिज मिश्रणात सेलेनियम घालण्याच्या बाजूने मी स्वतः लिहीन. पंजाबी गव्हाच्या कोंड्यावर पोसलेल्या मराठवाड्यातल्या गोठ्यात तेच मिश्रण घालायला मात्र मी विरोध करीन, आणि यात विसंगती नाही.

तोवर शेळीपालकांना एवढीच विनंती: पुढच्या खेपेस कुणी सेलेनियमची बाटली पुढे केली, तर त्याला एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम सेलेनियम आहे आणि दोन किलोच्या करडाला त्यातले नेमके किती द्यायचे, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर ‘एक सीसी’ आले, तर बाटली परत करा.